बागेतलं लोखंडी शिल्प गंजलंय, समितीला सोनेरी रंग हवाय (नागपूर)

फुटाळ्याकाठी (धागाकर्ती):
नमस्कार मंडळी. विषय जरा आडवाटेचा आहे, पण इथे रंगवाले, लोखंडवाले, वकील सगळेच सापडतात म्हणून टाकते.

आमच्या ले-आऊटच्या बागेत एक लोखंडी शिल्प आहे. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं उंच. तीन वाकवलेले जाड पत्रे एकमेकांना टेकून उभे आहेत आणि त्यांच्यातून एक पोकळ नळी आरपार गेली आहे. काहींना त्यात पक्षी दिसतो, सकाळी फिरायला येणाऱ्या एका काकांना नांगर दिसतो. ऐंशीच्या दशकात नागपूरच्याच एका शिल्पकाराने केलेलं. ते आता हयात नाहीत, मुलगी इथेच असते. मूळ रंग विटकरी होता असं जुने रहिवासी सांगतात.

मार्च २०२३ मध्ये सी-२० ची (जी-२० मधल्या नागरी संस्थांच्या गटाची) बैठक नागपुरात होती, तेव्हा शहरात दिसेल त्याला रंग लागला. हेही त्यात सापडलं. गंज न काढता वरूनच केशरी ऑइलपेंट मारला, कारण काय तर संत्रानगरी! आता त्याचे पापुद्रे सुटलेत. पत्रा जिथे सिमेंटच्या ओट्यात शिरतो तिथे बोट लावलं तरी तुकडे हातात येतात.

यंदा समितीत ठराव आलाय की सोनेरी रंग द्यायचा. एका पेंटरचं कोटेशनही आलंय: घासणे, एक हात रेड ऑक्साइड (लोखंडाला आधी लावायचं विटकरी अस्तर, म्हणजे प्रायमर), दोन हात सोनेरी. मे महिन्यात उरकून टाकू म्हणतात. मला हे पटत नाही. पण 'मग काय करायचं ते सांगा' म्हटलं की माझ्याकडे उत्तर नसतं. कोणाला यातलं कळतं का?

बह्याड_बंडू:
मारा न ताई सोनेरी. बाजूला 'आय लव्ह ले-आऊट' लिहा, सेल्फी पॉइंट झाला. काम तमाम.

पेंटवाली:
ताई, मी एलआयटीतून (इथल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेतून) सरफेस कोटिंग शिकले आणि बरीच वर्षं औद्योगिक रंगांत काढली. पूल, टाक्या, टॉवर असली कामं. शिल्पं त्या मानाने कमी केली, पण लोखंडाला आपण शिल्प आहोत की टाकी, हे कळत नाही. गंजायची रीत तीच.

आधीचा रंग का सुटला ते बघा. गंज सच्छिद्र असतो, त्यात ओल आणि धूळ राहते. त्यावर रंग मारला की रंग लोखंडाला धरतच नाही, गंजाला धरतो. आत गंज वाढत राहतो, त्याला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो वरच्या थराला उचलून फेकतो. तुमच्या पेंटरच्या कोटेशनमध्ये 'घासणे' हा एकच शब्द आहे. खरं काम त्या शब्दात आहे, आणि तो किती घासणार हे कुठेच लिहिलेलं नाही.

दुसरं, ऑइलपेंट म्हणजे अल्किड एनॅमल. घराच्या ग्रिलला ठीक. आपल्याकडच्या उन्हात त्याची चमक दोनेक वर्षांत उतरते आणि बोटाला पावडर लागायला लागते. लाल-केशरी छटा स्वस्त रंगद्रव्यात असतील तर अजून लवकर फिक्या पडतात. समुद्राची खारी हवा आपल्याकडे नाही, हे नशीब. नागपूरचे शत्रू वेगळे: मेचं ऊन, पावसाळ्याचे चार महिने, धूळ, आणि उत्तरेकडे राहत असाल तर कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख.

सोनेरीबद्दल. बाजारातला सोनेरी रंग म्हणजे बहुधा पितळेची बारीक पूड आणि वार्निश. पितळ उघड्यावर काळवंडतं. पहिल्या पावसाळ्यानंतर ते सोनं राहत नाही, मळकट तपकिरी होतं. मग समिती पुन्हा सोनेरी मारते. असे पाच-सहा थर बसलेले पुतळे मी खरवडलेत.

आणि मेमध्ये रंगकाम? २०२४ च्या मेअखेरीस रामदासपेठेतल्या हवामान यंत्राने ५६ अंश दाखवले होते, आठवतं ना? ते सेन्सर बिघडलेलं निघालं. पण उन्हातल्या काळपट पत्र्याला तुम्ही दुपारी हात लावून बघा, साठीच्या पुढे सहज जातो, तिथे बिघाड वगैरे काही नाही. त्यावर फवारा मारला की थिनर हवेतच उडून जातो आणि रंग कोरडा, खरखरीत होऊन बसतो. हार्डनर घातलेला दोन भागांचा रंग असेल तर डब्यातच घट्ट व्हायला लागतो. आपल्याकडे हे काम दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंत करावं. त्यातही डिसेंबर-जानेवारीत सकाळी दव वाळेपर्यंत थांबायचं. नियम सोपा आहे: पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली ओल पाणी होऊन बसते त्यापेक्षा) किमान ३ अंश जास्त हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत.

वेल्डर_हिंगणा:
पेंटवाली ताई बराबर सांगून राहिल्या. पन मी म्हनतो रंगाचं मंग पाहा, पयले खालचं पाहा. थे काऊन सडलं सांगतो. पानी वरून पडते अन् वाहून जाते, त्याचं टेंशन नाई. जे अडकते थे खाते. तुमची नळी पोकळ हाय म्हनता, तिले खाली भोक हाय का? नसन तर आत पानी साचून असन वर्षानुवर्ष. दोन्ही टोकं बंद हायत असं वाटते, पन वेल्डिंगले सुईएवढं छिद्र रायलं तरी पानी जाते आत. बाहेर मात्र येत नाई.

हातोडीनं हळू हळू वाजवत जा खालून वर. ठन्न वाजलं तर पत्रा हाय. भद्द वाजलं तर थो पत्रा गेला, नुसता रंग उभा हाय. खडूनं गोल करून ठेवा. तेवढा भाग कापून नवा पत्रा लावा लागन, त्याच जाडीचा. बरेच जन वरून पट्टी मारतात. तसं करू नोका, पट्टीच्या मागं पानी बसते अन् दोन्ही सडतात.

अन् ओटा. पत्रा सरळ सिमेंटात गाडला असन तर थो सडनारच. ओट्याच्या वर बेस प्लेट, बोल्ट, अन् सिमेंटले बाहेरच्या बाजूनं उतार. माती, लॉन, गवत पत्र्याले टेकू द्यायचं नाई. माळी रोज पाइप लावते का तिथं?

फुटाळ्याकाठी:
@वेल्डर_हिंगणा भाऊ, माळी रोज पाइप लावतो. आणि ओट्याभोवती शोभेची झाडं लावलीत, ती थेट पत्र्याला चिकटून आहेत. संध्याकाळी तिथे जी मंडळी बसतात त्यांच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्याही त्याच कोपऱ्यात.

मोतीबाग_मेल:
खर्ऱ्यावरून आठवलं. हावडा पुलाच्या खांबांच्या पायथ्याशी लोखंडी आवरणं होती, पान-गुटख्याच्या थुंकीने २००७ ते २०११ दरम्यान त्यांची जाडी ६ मिलिमीटरवरून ३च्या आत आली. पुढे तिथे फायबरग्लासची आवरणं बसवावी लागली. आपला खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना सगळंच. तेव्हा तो कोपरा गमतीवारी नेऊ नका.

मोतीबागच्या नॅरो गेज संग्रहालयात उघड्यावर ठेवलेली इंजिनं कोणी नीट न्याहाळली असतील तर हेच दिसतं. उभ्या बाजू ठीक असतात. रिव्हेटच्या ओळी, पट्ट्यांचे जोड, पायऱ्यांच्या खाचा, जिथे पाणी थांबतं तिथून सुरुवात होते.

पुण्याचा_पाव्हणा:
मला एक कळत नाही, रंगवायचाच कशाला? परदेशात गंजलेली शिल्पं मुद्दाम तशी ठेवतात. शिकागोत पिकासोचं प्रचंड शिल्प आहे, गंजाच्या रंगाचं. छान दिसतं. आणि दिल्लीचा लोहस्तंभ तर रंगाशिवायच १६०० वर्षं उभा आहे. गंज हेच त्याचं सौंदर्य म्हणून सोडून द्या.

वेल्डर_हिंगणा:
हाव. सोडून द्या, म्हंजे पुढच्या वर्षी भंगारवालाच घेऊन जाईन.

पेंटवाली:
@पुण्याचा_पाव्हणा, शिकागोचं शिल्प (१९६७, साधारण १५ मीटर उंच) कॉर्टेन पोलादाचं आहे. त्यात तांबं, क्रोमियम, फॉस्फरस थोड्या प्रमाणात असतं, त्यामुळे वरचा गंज घट्ट बसतो आणि खालच्या पोलादाला राखतो. त्यालाही अट आहे: ओलं होऊन पुन्हा वाळलं पाहिजे. खाचेत पाणी राहिलं तर कॉर्टेनही साध्या लोखंडासारखंच जातं. दिल्लीच्या स्तंभात फॉस्फरस जास्त आहे, तो भरीव आहे आणि दिल्लीची हवा वर्षातला बराच काळ कोरडी असते. लोक मिठ्या मारून खालचा भाग घासायचे म्हणून १९९७ मध्ये कुंपण घातलं, ते वेगळंच. ताईंच्या बागेतला पत्रा साधा एमएस (माइल्ड स्टील, नेहमीचं पोलाद) आहे. त्याचा गंज कुणाला राखत नाही, फक्त खातो.

ओतारी:
उशिरा आलो. मी चित्रकला महाविद्यालयातला, हल्ली ब्राँझ ओततो आणि जुन्या पुतळ्यांची दुरुस्ती करतो.

सगळे 'कसा रंग' यावर बोलताय, 'कोणता रंग' यावर कोणी नाही. शिल्पकाराने जर तो पत्रा रंगवूनच उभा केला असेल, तर रंग हा शिल्पाचाच भाग आहे. तो जुना झाला की पुन्हा देणं यात काही गैर नाही, जगभर तसंच करतात. पण तोच रंग, आणि तीच चमक. चमक लोक विसरतात. अमेरिकी शिल्पकार अलेक्झांडर काल्डरची मोठी पोलादी शिल्पं घ्या, त्याचा काळा रंग अगदी मंद, उजेड पिऊन टाकणारा. बाजारातले टिकाऊ रंग बहुतेक चकचकीत, म्हणून त्या मंद काळ्यासाठी तिकडे लष्करी प्रयोगशाळेतल्या रंगतज्ज्ञांची मदत घ्यावी लागली. चकचकीत रंगात आकार मोडतो. डोळा पत्र्याच्या वळणाकडे न जाता त्यावरच्या आकाशाच्या प्रतिबिंबाकडे जातो, आणि पत्र्यातला प्रत्येक पोचा दिसतो. सोनेरी मारलात तर ते शिल्प लॉनवरच्या लग्नातल्या नवरदेवाच्या खुर्चीसारखं दिसेल.

मूळ रंग शोधायची साधी रीत. जिथे ऊन लागत नाही अशी जागा निवडा, जोडाच्या आत किंवा नळीच्या खालच्या अंगाला. रुपयाच्या नाण्याएवढा भाग पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने गोल गोल घासा, मध्ये जास्त, कडेला कमी, आणि शेवटी अगदी बारीक पेपर. धातूपासून वरपर्यंत प्रत्येक थराचं एकेक वर्तुळ दिसेल. भिंगातून बघा, उजेडात फोटो काढा. लोकांच्या आठवणीवर जाऊ नका.

घासायच्या आधी एक लोहचुंबक लावा. चिकटलं तर पोलाद. न चिकटलं तर थांबा, काम माझं आहे. कारण ब्राँझला रंग द्यायचाच नसतो. आपल्या जिल्ह्या-तालुक्यांच्या गावांत जयंती आली की ब्राँझचे पुतळे सोनेरी रंगवतात, ते बघून जीव जळतो. ब्राँझवर बनलेला तपकिरी-हिरवा थर त्याचं संरक्षणही करतो. साध्या सौम्य साबणाने धुवायचं, वाळवायचं, मायक्रोक्रिस्टलाइन मेण पातळ चोळायचं, कापडाने पुसायचं. वर्षातून एकदा. बस. पितळ चकाकवायची पॉलिश, चिंच, लिंबू, वाळूचा फवारा, यातलं काहीही त्याच्या जवळ नेऊ नये. दुधाचा अभिषेक केला तर केला, भावनेचा प्रश्न आहे, पण त्याच दिवशी पाण्याने धुवून काढा. आणि हार आठवडाभर तसेच कुजत ठेवू नका.

सदरवाले_वकील:
रंग बदलण्याच्या ठरावावर एक कायद्याची टीप. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५७. कलाकृती विकली, दान केली, तरी तिच्यात त्याच्या प्रतिष्ठेला बाधा येईल असा बदल झाला तर कलाकार दाद मागू शकतो. तो हयात नसेल तर त्याचे कायदेशीर वारस. दिल्लीचं अमरनाथ सहगल प्रकरण प्रसिद्ध आहे. विज्ञान भवनातलं त्यांचं प्रचंड ब्राँझ म्युरल १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला लावले आणि ५ लाख रुपये भरपाईही दिली.

म्हणून ताई, कोर्टकचेरी नको असेल तर आधी शिल्पकाराच्या मुलीकडे जा. समितीला हे वाक्य ऐकवलं तरी सोनेरी डबा मागे पडेल.

बह्याड_बंडू:
वकीलसाहेबांनी फुकटात सल्ला दिला, स्क्रीनशॉट घेऊन ठेवा कोणीतरी.

लक्ष्मीनगरची_लेक:
मालवणचा पुतळा विसरू नका. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्यानंतर गंजलेल्या नटबोल्टची चर्चा सगळ्यांनी वाचली. बागेत पोरं खेळतात, ती या पत्र्यांवर चढतातही. रंग नंतर, आधी ते उभं राहण्याजोगं आहे का ते कुणा इंजिनियरकडून तपासा. तोवर दोरी बांधून ठेवा.

फुटाळ्याकाठी:
दोरी बांधली. आता रविवारचा अहवाल.

चुंबक सगळीकडे चिकटलं. हातोडी वाजवली: वरचे पत्रे ठणठणीत, ओट्यालगत वीतभर पट्टा तिन्ही पत्र्यांना गेलेला. नळीला खालून भोक नव्हतं. फॅब्रिकेटरने ड्रिल लावल्याबरोबर अर्धी बादली काळं पाणी निघालं, माळीबुवा लांब जाऊन उभे राहिले.

आता मुख्य गोष्ट. ओतारी दादांनी सांगितलं तसं जोडाच्या आत घासलं. भिंगातून असं दिसलं, आतून बाहेर: चकचकीत लोखंड, त्यावर विटकरी, मग काळपट मरून, त्यावर निळा (हा कुणालाच आठवत नाही!), आणि सर्वात वर केशरी. म्हणजे मूळ विटकरीच होता ना? मग प्रश्न मिटला?

पेंटवाली:
थांबा थांबा. लोखंडाला लागून असलेला विटकरी म्हणजे रेड ऑक्साइड प्रायमर असणार, तो त्या काळी प्रत्येक ग्रिलला, प्रत्येक दारालाच लागायचा. त्यावरचा मरून हाच पहिला खरा रंग असू शकतो. पुढे मरून उडून गेला, उन्हात खालचा प्रायमर उघडा पडला आणि लोकांच्या डोळ्यात विटकरी बसला. असं सर्रास होतं.

ओतारी:
सर्रास होतं, पण इथे तसंच झालं असं धरू नका. त्या काळात आमच्या वरच्या वर्गातल्या कितीतरी जणांनी मुद्दाम रेड ऑक्साइडवरच काम थांबवलंय. स्वस्त मिळायचं आणि कारखान्याचा रंग म्हणून आवडायचाही. म्हणून तपासून बघा: विटकरी आणि मरून यांच्या मधल्या रेषेत काय आहे? प्रायमरवर लगेच रंग चढवला असेल तर दोन थर एकमेकांना स्वच्छ चिकटलेले दिसतील. मधे राखाडी, मळाची बारीक रेघ दिसली, किंवा विटकरीचा वरचा भाग खडूसारखा फिका झालेला दिसला, तर तो थर उघड्यावर काही वर्षं राहिलाय. म्हणजे तेव्हा तोच बाहेरचा रंग होता आणि मरून नंतर कुणीतरी चढवला.

एकाच ठिकाणी बघून ठरवू नका. तिन्ही पत्र्यांवर वेगवेगळ्या उंचीला, सावलीत आणि उन्हात, असं बघा. दोन पत्रे एका रंगाचे आणि तिसरा वेगळा असंही निघू शकतं.

पेंटवाली:
हे पटलं. आणि अजून एक, महत्त्वाचं. पुढचं सगळं पाण्याने ओलं ठेवूनच घासा, कोरडं नाही. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या लाल, पिवळ्या, केशरी एनॅमलमध्ये शिसं भरपूर असायचं. तुमचे आतले थर त्याच काळातले. ती पूड बागेच्या मातीत, घसरगुंडीच्या वाळूत गेली तर मुलांच्या पोटात जाईल. खाली प्लास्टिक अंथरा, मास्क लावा, चिखल गोळा करून वेगळा बांधा. नमुना प्रयोगशाळेत द्या, शिसं आहे की नाही ते कळलं की पुढचं काम कसं करायचं ते ठरतं. आयफेल टॉवर साधारण दर सात वर्षांनी रंगवतात, दर वेळी ६० टनांच्या आसपास रंग लागतो. तिथेही २०२१ मध्ये जुन्या थरांतल्या शिशामुळे काम थांबवावं लागलं होतं.

पुण्याचा_पाव्हणा:
सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा जोरदार मारा, केलं तर एका दिवसात सगळं साफ होईल की.

वेल्डर_हिंगणा:
बागेत? शेजारचे लोक काठ्या घेऊन येतीन. अन् वाळूनं तर बिलकुल नाई, थे सिलिका फुफ्फुसात बसते, मानूस खोकून खोकून जाते. ओट्यावरून मोकळं करून शॉपमंदी न्या, बंद खोलीत कॉपर स्लॅग नाईतर स्टील ग्रिटनं मारा. पत्रा पाच-सहा एमएमचा असन तर काई होत नाई. पातळ असन तर प्रेशर कमी ठेवा लागते, नाईतर पत्रा लहर मारते.

पेंटवाली:
अगदी. आणि शॉपमध्ये नेताच येत असेल तर मी सुचवीन ते असं. ब्लास्टिंग एसए अडीच दर्जाचं (गंज-रंग जवळजवळ पूर्ण निघेल असं). त्याच दिवशी, शक्यतो चार तासांच्या आत, झिंकवाला इपॉक्सी प्रायमर ६० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). मग इपॉक्सी एमआयओ (अभ्रकासारख्या पत्रींचं लोह ऑक्साइड घातलेली) १०० ते १२५. सर्वात वर अॅलिफॅटिक पॉलियुरेथेन (ऊन सोसणारा रंग) ५० ते ६०, मॅट, म्हणजे बिनचकाकीचा. इपॉक्सी वर उघडी ठेवायची नाही, ती उन्हात पावडर होते. कडा गोल घासून घ्या आणि सगळ्या कडांना, वेल्डच्या रेषांना ब्रशने एक जादा हात द्या, कारण तीक्ष्ण धारेवरून ओला रंग मागे सरकतो आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो.

जागेवरच करायची वेळ आली आणि हाताने, ग्राइंडरनेच घासणार असाल तर झिंक प्रायमर वापरू नका. त्याला ब्लास्ट केलेलंच लोखंड लागतं, नाहीतर पैसे वाया. तिथे सरफेस टॉलरंट इपॉक्सी मॅस्टिक (पूर्ण साफ न झालेल्या पत्र्यालाही धरणारा जाड रंग) वापरा.

खर्चाचा अंदाज लावायला: घन भाग (वाळल्यावर उरणारा) ५० टक्के असलेला रंग ५० मायक्रॉनला एका लिटरमध्ये १० चौरस मीटर जातो. दोन्ही बाजू धरून तुमचं क्षेत्र ३० चौरस मीटर असेल तर एका हाताला ३ लिटर, फवाऱ्यातली नासाडी धरून ४-५. म्हणजे महागातला रंग घेतला तरी एकूण खर्चात तो बारीकसा भाग असतो. क्रेन, ब्लास्टिंग, वेल्डिंग यांनाच खरा पैसा लागतो. समितीने रंगात बचत करून काहीच वाचत नाही.

फुटाळ्याकाठी:
बापरे, वहीत उतरवून घेतलं.

दोन बातम्या. एक, चार ठिकाणी ओलं घासून पाहिलं. तीन ठिकाणी विटकरी आणि मरूनच्या मधे मळाची रेघ स्पष्ट दिसते, विटकरीचा वरचा भाग फिका आहे. चौथ्या ठिकाणी, नळीवर, विटकरीवर थेट काळा आहे, मधे काहीच नाही. मरून त्या काळ्यावर आलाय.

दोन, शिल्पकारांच्या मुलीला भेटले. त्यांच्याकडे उभारणीच्या दिवसाचा कृष्णधवल फोटो आहे. रंग कळत नाही, पण पत्रे मध्यम करडे आणि नळी त्यांच्याहून खूप गडद दिसते. कुठेही चकाकी नाही. त्या म्हणाल्या, बाबा स्वतः ब्रशने रंगवायचे, फवारा त्यांना आवडत नसे.

ओतारी:
वा! फोटो आणि थर जुळले. पत्रे विटकरी, नळी काळी, दोन्ही मंद. आणि ब्रशचा मुद्दा सोडू नका. शेवटचा हात ब्रशने किंवा बारीक रोलरने दिला तर पृष्ठभाग वेगळा दिसतो. मुलीला विचारून ठरवा.

पेंटवाली:
ब्रशने पॉलियुरेथेन जमतं, पातळ करून दोन हात द्यावे लागतील. फक्त रंगाऱ्याला साधा कापडी मास्क चालणार नाही, हार्डनरमध्ये आयसोसायनेट (श्वासाला घातक रसायन) असतं, गॅसवाला कार्ट्रिज मास्क लागतो. हे कोटेशनमध्ये लिहूनच घ्या.

आणि विटकरीची छटा शेडकार्डावरून घेऊ नका. जोडाच्या आतला न उडालेला भाग दाखवून दोन-तीन छटा बनवून घ्या. फूटभर पत्र्यांवर मारा आणि शिल्पाशेजारी सकाळी, दुपारी ठेवून बघा.

नागपूर_नागरिक:
सगळं छान. पण दर पाच वर्षांनी हे कोण करणार? समित्या बदलतात. पुढची समिती पुन्हा ऑइलपेंटचा डबा घेऊन येईल.

ओतारी:
म्हणून एक फाइल करा. थरांचे फोटो, छटेचा नमुना एका पत्र्याच्या तुकड्यावर, कोणता रंग कोणत्या जाडीचा, तारीख. एक प्रत मुलीकडे, एक समितीकडे. दर वर्षी पावसाळ्यानंतर साबणपाण्याने धुवायचं आणि एखादा टवका उडाला असेल तर तेवढाच भाग दुरुस्त करायचा. टवका वर्षभर तसा राहिला की रंगाखालून गंज पसरतो, मग पुन्हा सगळं सोलावं लागतं.

फुटाळ्याकाठी:
काल समितीची बैठक झाली. सोनेरी रद्द, पण एकमताने नाही. एक सभासद अजून म्हणतात की विटकरी म्हणजे 'अर्धवट काम वाटतं'. वकीलसाहेबांचं कलम ५७ वाचून दाखवल्यावर ते गप्प बसले, पटलं असं नाही. क्रेनचा खर्च ऐकून सगळेच गप्प बसले. काम दिवाळीनंतर करायचं ठरलं. तोवर पावसाळा आहे, मध्ये काय करू?

वेल्डर_हिंगणा:
भोकं उघडी ठेवा, पालापाचोळा बसू देऊ नोका. ओट्याभोवतीची झाडं काढून दुसरीकडं लावा, माळ्याले पाइप तिकडं फिरवू देऊ नोका. सुटलेले पापुद्रे तेवढे काढा, ओले करून. सडलेल्या पट्ट्याले दोन्हीकडून अँगलचा टेकू मारून देतो, वारावादळात पडाले नको. जूनच्या पयल्या हप्त्याच्या आत सांगा, मंग मी शॉपमंदी बिझी राहतो.

पेंटवाली:
उघड्या पडलेल्या लोखंडावर मॅस्टिकचा एक हात मारून ठेवला तर पावसाळा निघेल, दिवाळीनंतर ब्लास्टिंगमध्ये तो निघूनच जाणार आहे. केशरी रंगावर मात्र काही मारू नका. आणि शिशाचा रिपोर्ट आला की इथे टाका, शॉपवाल्याला तो आधी दाखवावा लागेल.

फुटाळ्याकाठी:
नमुना आज दिला. भाऊ, टेकूसाठी शनिवारी सकाळी जमेल का? बागेची किल्ली माझ्याकडे आहे.

वेल्डर_हिंगणा:
शनिवारी लाइट जाते न तुमच्याकडं. जनरेटर घेऊन येतो, साडेसातले.